मोडेम घरात आला, पण वेग कोठून येणार?

२०२५ च्या उन्हाळ्यात दहावी उत्तीर्ण झालेल्यांना एका नव्या गोष्टीला तोंड द्यावे लागले. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश तोपर्यंत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरताच होता. त्या वर्षापासून तो साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात, वर्धा नदीकाठच्या खेड्यात किंवा रानाकडेच्या कोलाम पोडावर राहणाऱ्या मुलीलाही महाविद्यालयाच्या आधी इंटरनेटचे दार ठोठवावे लागू लागले. तेव्हा घरापर्यंत इंटरनेट कसे पोहोचवावे, हा प्रश्न आता चैनीचा राहिलेला नाही.

यावर एक सोपे उत्तर सुचवले जाते. हातात मावणारा बिनतारी मोडेम आणा, त्यात सिमकार्ड घाला, की काम झाले! हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी हे यंत्र काय करते ते पाहू या.

मॉड्युलेटर आणि डीमॉड्युलेटर या दोन शब्दांचे आरंभीचे तुकडे जोडून मोडेम हा शब्द बनला. संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची. हे अंक लहरींवर चढवून पाठवायचे आणि आलेल्या लहरींवरून पुन्हा उतरवून घ्यायचे, हे मोडेमचे काम. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हा मोडेम टेलिफोनच्या तारेला जोडलेला असे. आजचा बिनतारी मोडेम एका बाजूने दूरच्या मनोऱ्याशी बोलतो आणि दुसऱ्या बाजूने वायफायच्या लहरींवरून घरातील फोन व संगणकांशी. म्हणजे तो एक दुभाष्याच आहे. आणि दुभाषा कितीही हुशार असला, तरी समोरच्याचा आवाज ऐकू आला नाही तर तो काय सांगणार?

आवाज किती स्वच्छ ऐकू येतो यावर वेग कसा अवलंबून असतो, याचे सूत्र क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली मांडले. समजा, मनोऱ्याला १० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा मिळाला आहे. मोडेमपाशी संदेशाची शक्ती गोंगाटाच्या हजारपट असेल, तर त्या पट्ट्यातून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १०० मेगाबिट जाऊ शकतात. संदेश आणि गोंगाट सारखेच झाले, की ही मर्यादा १० मेगाबिटवर येते. कोणताही कारखाना ही मर्यादा ओलांडणारा मोडेम बनवू शकत नाही.

संदेश कशाने क्षीण होतो? पहिले कारण अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती चौथाई होते. जमिनीवर टेकड्या आणि झाडे आड आली की ती याहूनही झपाट्याने घटते. दुसरे कारण लहरींची लांबी. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते. ती दूरवर जाते आणि भिंतींतूनही बरीच आत शिरते. ३,५०० मेगाहर्ट्‌झची लहर साडेआठ सेंटिमीटरची. तिच्या पट्ट्यात जागा भरपूर, पण भिंती आणि झाडोरा तिला लवकर थोपवतात. आणि टिनाचे छप्पर तर दोघींनाही परतवून लावते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मनोऱ्याचा पट्टा सर्वांचा मिळून एकच असतो. १९७१ साली हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरील संगणक रेडिओलहरींनी जोडले. दोन संगणक एकाच वेळी बोलू लागले, की दोघांचेही संदेश बिघडत आणि पुन्हा पाठवावे लागत. त्या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेचा जेमतेम १८ टक्के भाग उपयोगी पडू शकतो, असे गणिताने दिसून आले. आजचा मनोरा प्रत्येकाची पाळी लावून देतो, त्यामुळे ही नासाडी बरीच टळते. वाटणी मात्र टळत नाही. १०० मेगाबिट ५० घरांनी एकाच वेळी मागितले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ मेगाबिट येतात. २०२३ पासून भारतात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान एवढाच वेग ठरवलेला आहे. या वेगाने १० मेगाबाइटचे एक पुस्तक उतरवायला ४० सेकंद लागतात. म्हणजे वाचनाचे काम भागते, पण एकाच घरात दोघांनी तास पाहायचे म्हटले की ओढाताण सुरू होते. संध्याकाळी सारे गाव घरी परतते आणि मुलांच्या अभ्यासाची वेळही तीच असते.

मग बिनतारी मोडेम नकोच का? तसे मुळीच नाही. त्यासाठी खणावे लागत नाही, वीज गेली तरी तो बॅटरीवर काही तास चालतो. शिवाय एक मोठा लाभ क्वचितच कोणी बोलून दाखवतो. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर शेतावर जातो. मोडेम घरीच राहतो. मुलगी घरी अभ्यासाला बसली असताना जोडणीही घरी असणे, हे मोलाचे आहे. अर्थात त्यासाठी घरात दुसरा फोन किंवा संगणक हवा, हेही विसरता कामा नये.

माझा आक्षेप यंत्राला नसून एका विचाराला आहे. "आता बिनतारी मोडेम आले, खेड्यात केबल कशाला?" असे कोणी म्हणू लागले, तर ते मान्य करू नये. प्रकाशतंतूची केबल एकदा पुरली की तिच्यातून जाणारा प्रकाश शेजारच्या केबलमधील प्रकाशात मिसळत नाही. प्रत्येक नव्या तंतूबरोबर नवी वाट तयार होते. आकाश मात्र सर्वांना मिळून एकच आहे. आणि मनोऱ्यालाही पुढे जगाशी जोडणारी भक्कम वाट लागतेच. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. केबल पंचायतीच्या कपाटाशी न थांबता शाळेत आणि वाचनालयात पोहोचावी आणि तेथून पुढच्या वाड्या-पोडांचे अंतर बिनतारी यंत्रांनी तोडावे, हा क्रम मला योग्य वाटतो. केबलचा खर्च मोठा आहे, हे खरे. पण रस्ता आणि वीज नेतानाही आपण प्रत्येक घराचा नफा-तोटा मांडला नव्हता.

यात तुम्हांला करण्याजोगे एक काम आहे. मोडेम असलेल्या दोन-तीन घरांत आणि शाळेत महिनाभर रोज तीन ठरावीक वेळी वेग मोजा. उतरवण्याचा आणि चढवण्याचा वेग वेगवेगळा लिहा, कारण अर्ज आणि छायाचित्रे चढवावी लागतात. मोडेम आत ठेवून आणि खिडकीत ठेवून काय फरक पडतो, तेही नोंदवा. शिक्षकांनी हा विज्ञानाचा प्रकल्प म्हणून घ्यावा आणि त्याचा आलेख ग्रामसभेपुढे ठेवावा. "आमच्याकडे नेट चालत नाही" ही तक्रार झाली. "संध्याकाळी सात वाजता, अमुक वस्तीत, इतका वेग" हा पुरावा झाला. तक्रार ऐकून सोडून देता येते. महिनाभराच्या नोंदींना मात्र उत्तर द्यावे लागते.