मास्क ऐच्छिक, हवा मात्र सामायिक

गुढीपाडव्याच्या दिवशी, २ एप्रिल २०२२पासून, राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. मुंबई महापालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला होता. म्हणजे जवळपास दोन वर्षांनी ही सक्ती आणि तिच्याबरोबरचा दोनशे रुपयांचा दंडही संपला. कुर्ल्याला लोकलमधून उतरून बसने किंवा शेअर रिक्षाने कलिन्याच्या विद्यापीठ संकुलात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. पण दंड गेला म्हणून प्रश्न संपला का? साठ-सत्तर जण बसलेल्या वर्गात मास्क लावायचा की नाही, हे आता ज्याचे त्याने ठरवायचे आहे. हवा मात्र सगळ्यांची एकच असते.

राज्यातली महाविद्यालये मार्च २०२०मध्ये बंद झाली. नोव्हेंबर २०२०मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती पुन्हा उघडण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मास्क सक्तीचा होता आणि सहा फुटांचे अंतर सांगितले होते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात महाविद्यालये उघडायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडले, तेही दोन डोस घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी. ओमायक्रॉनमुळे जानेवारीत ती पुन्हा बंद झाली आणि फेब्रुवारीत उघडली. या सगळ्या काळात मास्कचा नियम सरसकट होता. झाडाखाली एकटा बसलेला विद्यार्थी आणि बंद खिडक्यांच्या वर्गात खांद्याला खांदा लावून बसलेला विद्यार्थी यांत नियमाने फरक केला नाही. विज्ञान मात्र तो करते.

बोलताना, हसताना, नुसता श्वास सोडतानाही नाकातोंडातून सूक्ष्म कण बाहेर पडतात. त्यांतले मोठे थेंब लगेच खाली पडतात, बारीक कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. मोकळ्या मैदानात वारा ते पांगवतो. त्यामुळे उघड्यावर धोका कमी आणि बंद, गर्दीच्या जागेत जास्त. मास्कही सगळे सारखे नसतात. एन-९५ मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला, तर ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो. सर्जिकल मास्कचे कापड चांगले असते, पण त्याच्या कडांमधून हवा निसटते. साध्या कापडी मास्कचा भरवसा त्याच्या विणीवर आणि थरांवर अवलंबून असतो.

प्रत्यक्ष वापरात किती फायदा होतो, याचा मोठा अभ्यास शेजारच्या बांगलादेशात झाला. ६०० गावांतल्या सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२१मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. काही गावांत मास्क फुकट वाटले, ते का लावायचे हे समजावून सांगितले. तिथे मास्क नीट लावणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला. साठीपुढच्यांमध्ये ही घट ३५ टक्के होती. खेड्यातले निष्कर्ष कॉलेजच्या वर्गाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी दोन गोष्टी दिसतात. मास्क हे कवचकुंडल नाही आणि निरुपयोगीही नाही. शिवाय त्याचा मोठा लाभ ज्येष्ठांना होतो.

कुर्ल्यासारख्या वस्तीत हा मुद्दा घरापर्यंत येतो. विशीतल्या, लस घेतलेल्या मुलाला कोरोना म्हणजे बहुधा चार दिवसांचा ताप. पण तोच मुलगा संध्याकाळी एका खोलीच्या घरात मधुमेही आजीशेजारी झोपतो. तिथे वेगळे राहण्याची सोयच नसते.

सक्तीचीही किंमत होती, हे मान्य करायला हवे. मास्कआडून शिकवताना प्राध्यापकांचे घसे बसले. कमी ऐकू येणाऱ्या आणि ओठांवरून शब्द ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांचा तर आधारच गेला. उकाड्यात तासन्‌तास मास्क लावून बसणे सोपे नाही. ही किंमत जिथे फायदा आहे तिथे मोजावी, नाही तिथे मोजू नये.

म्हणून लक्ष चेहऱ्यावरून खोलीकडे वळवायला हवे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. उच्छ्वासात तो सुमारे ४० हजार भाग असतो. वर्गातले प्रमाण १,००० झाले, तर आत घेतलेल्या हवेचा साधारण दीड टक्का भाग कोणाच्या तरी फुफ्फुसांतून आलेला असतो. हे मोजणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. साधा स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. त्यामुळे एसी चालू असतानाही एखादी खिडकी किलकिली ठेवणे आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणे ही चैन नव्हे.

विद्यापीठे आणि महाविद्यालयांना हे आत्ताच ठरवता येईल. उघड्यावर मास्क नको. परीक्षेच्या किंवा गर्दीच्या वर्गात खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मास्क लावण्याचे आवाहन करावे. दारात फुकट सर्जिकल मास्क ठेवावेत. सर्दी-खोकला असलेल्याने घरी थांबावे आणि त्यासाठी हजेरी कापू नये. शहरातले रुग्ण किती वाढले की वर्गात सक्ती परत येईल आणि किती घटले की ती उठेल, हे आकडे आधीच जाहीर करावेत. ऐनवेळी निघणाऱ्या परिपत्रकापेक्षा आधी माहीत असलेला नियम लोक जास्त पाळतात.

तोवर वर्गात कोणी मास्क लावून आला, तर त्याला ‘अजून घाबरतोस?’ असे विचारू नये. त्याच्या घरी कोण आजारी आहे, हे बाकावरच्या शेजाऱ्याला ठाऊक नसते.