मेनफ्रेमवाल्यांच्या अनुभवाचा भाव कोण ठरवतो?

"मेनफ्रेमवर काम करणारी अनुभवी माणसे मिळत नाहीत" अशी ओरड बँका, विमा कंपन्या आणि त्यांना माणसे पुरवणाऱ्या आयटी कंपन्या कितीतरी वर्षे करीत आहेत. आमचा प्रश्न साधा आहे : किती पगारात मिळत नाहीत? बाजारात कांदा मिळत नाही असे कुणी म्हटले तर आपण आधी विचारतो, कोणत्या भावाने? कष्टकऱ्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारायचाच नाही, असा जणू अलिखित नियम आहे.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. आयबीएमने सिस्टीम/३६० हा मोठा संगणक ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केला. कोबोल ही भाषा त्याच्याही आधीची, १९५९-६० ची. त्याच वंशातली यंत्रे आजही जगातल्या मोठ्या बँकांची खाती, विम्याचे हप्ते आणि सरकारी भत्ते सांभाळतात. दिवसभर व्यवहार होतात आणि रात्री बॅच चालते. व्याज लागते, खाती जुळतात, सकाळी शाखा उघडते. कोबोल, जेसीएल, सीआयसीएस, डीबी२ हे सगळे वर्गात शिकता येते. पण तीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये एखादी अट का घातली होती, ती काढली तर कोणाचे पेन्शन अडेल, हे वर्गात कळत नाही. ते वर्षानुवर्षे त्याच कामात राहून कळते. म्हणजे इथे विकला जाणारा खरा माल अनुभव हाच आहे.

आता या मालाची किंमत कशी लावली जाते ते पाहा. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि चाळीस वर्षांहून जुनी यंत्रणा त्याखाली दबली. तेव्हा गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक दिली. कशासाठी? स्वयंसेवक म्हणून या! लाखो घरांची चूल ज्या कौशल्यावर अडली होती, त्या कौशल्याला पहिली हाक पगाराची नव्हती, सेवाभावाची होती. "सेवा" हा शब्द कुणाच्या वाट्याला येतो आणि मोबदला कुणाच्या, हे आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवायला नको.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. जून २०१२ मध्ये आरबीएस बँकेत बॅच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण फसले. लाखो ग्राहकांना दिवसेंदिवस आपलेच पैसे काढता येईनात. अनुभवी माणसे कमी करून काम बाहेर पाठवल्याचा प्रश्न तिथल्या कामगार संघटनेने उचलला, बँकेने तो संबंध नाकारला. वाद राहिला. पण २०१४ मध्ये नियामकांनी बँकेला एकूण ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला, हे खरे. तेवढ्या रकमेत किती अनुभवी माणसे किती वर्षे सांभाळता आली असती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

अशा वेळी जाणकार माणसाला बाहेरून बोलावतात तेव्हा त्याचा दर काय असतो? तासाला शंभर डॉलरहून जास्त मिळू शकतात, असे रॉयटर्सने २०१७ मध्ये नोंदवले होते. आणि आपल्याकडे? पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांत नवख्या मुलाला वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास पगार देण्याची रीत दशकभर फारशी हललेली नाही. पुण्यात न्यूयॉर्कचा पगार द्या, असे आम्ही म्हणत नाही. जगण्याचा खर्च वेगळा आहे, हे मान्य. आमचा आक्षेप पगार ठरवण्याच्या पद्धतीवर आहे.

ती पद्धत अशी. अनुभवी माणूस नोकरी बदलायला जातो तेव्हा पहिला प्रश्न येतो, "करंट सीटीसी किती?" मग त्यावर काही टक्के वाढवून नवा पगार ठरतो. समजा, एकाची सुरुवात साडेतीन लाखांनी झाली आणि दुसऱ्याची सात लाखांनी. दोघेही सारख्याच कामात, दोघांनीही तीनदा नोकरी बदलली, दर वेळी ३० टक्के वाढ मिळाली. पहिला पोहोचतो सुमारे ७ लाख ७० हजारांवर, दुसरा १५ लाख ४० हजारांवर. सुरुवातीचा साडेतीन लाखांचा फरक आता ७ लाख ७० हजारांचा झाला. रात्री तीन वाजता बॅच बंद पडल्यावर फोन दोघांनाही येतो! यात अनुभवाची किंमत कुठे आहे? ही तर पहिल्या दिवशी कोणत्या दारातून आत आलात याची किंमत आहे. जन्मभर पुरणारी.

आणि ते दार कोणाला कोणते मिळते? दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे ६० टक्के हवेत, शिक्षणात खंड नको, ही कॅम्पस भरतीची चाळणी तुम्हांला पाठ आहे. बापाच्या आजारपणात एक वर्ष गेलेला मुलगा इथेच गळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी माध्यमात शिकलेली मुलगी इंग्रजी मुलाखतीत गळते. जी आत जातात ती खालच्या पगारावर. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. मग "आम्ही फक्त मेरिट पाहतो" हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मुंबईच्या गिरण्यांत हेच घडले होते. जास्त मजुरीचे विणखाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आडवा येई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. विणखात्यात पाऊलच ठेवू दिले नाही तर कुशल विणकर होणार कसा? आणि मग म्हणायचे, यांच्यात कौशल्यच नाही. आज विटाळाचे नाव घेतले जात नाही, चाळणीचे घेतले जाते.

काही मित्र म्हणतील, आता एआय कोबोलचे भाषांतर करील, कशाला या जुन्या कामाची चिंता? आयबीएमने कोबोलचे जावात रूपांतर करणारे एआय साधन २०२३ मध्ये जाहीर केले, हे खरे. पण यंत्र ओळ वाचील, ओळीमागचे कारण सांगणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेला जुनी यंत्रणा बदलायला सुमारे पाच वर्षे आणि शंभर कोटींहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. जुने बदलायलाही जुने जाणणाराच लागतो. म्हणून मेनफ्रेमच्या प्रोजेक्टवर टाकले की "करिअर संपले" असे रडणाऱ्या आमच्या मुलामुलींना आम्ही सांगतो, घाबरू नका. पण स्वस्तातही विकले जाऊ नका.

यासाठी आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, भरतीच्या जाहिरातीत पगाराची कमाल-किमान मर्यादा छापणे कायद्याने बंधनकारक करा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात हे २०२१ पासून लागू आहे. दोन, मागचा पगार विचारण्यावर बंदी घाला. कॅलिफोर्नियात ती २०१८ पासून आहे. भांडवल तिकडचे चालते, ग्राहक तिकडचे चालतात, मग कामगारांच्या हक्काचा कायदाच तेवढा इकडे का चालत नाही? तीन, ६० टक्क्यांची चाळणी काढा आणि प्रत्यक्ष कामाची चाचणी घ्या.

आणि तरुणांनो, कायद्याची वाट पाहत बसू नका. आयबीएमच्या झेड एक्सप्लोरवर खऱ्या मेनफ्रेमवर फुकट सराव करता येतो, तो करा. कोणता बिघाड तुम्ही सोडवला, कोणती बॅच वाचवली याची नोंद ठेवा, मात्र ग्राहकाची माहिती त्यात येऊ देऊ नका. मुलाखतीत बोलणी मागच्या पगारावर नको, त्या नोंदीवर करा. सर्वांत महत्त्वाचे, एकमेकांना पगार सांगा. पगार लपवण्याची सवय मालकाच्या फायद्याची आहे, आपल्या नव्हे. आपल्या शेजारच्या खुर्चीवरच्याला किती मिळतात हे ज्याला ठाऊक नाही, तो भाव ठरवू शकत नाही, फक्त मिळेल तो भाव घेऊ शकतो.