मातीचा साहेब कुठाय?

मे महिना लागला की आमच्या डोंगरावर साहेब येतो. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल, मागं दोन बिगारी, एकाच्या हातात खळीचा डबा. हा म्युन्शिपाल्टीचा बांधकाम बघणारा साहेब. वस्ती त्याला इन्स्पेक्टर म्हणते, कागद त्याला ज्युनिअर इंजिनिअर म्हणतो. तो झोपडीच्या दारात उभा राहतो. पत्रा बघतो, पोटमाळा बघतो, दोन वीत पुढं सरकलेला ओटा बघतो. वर बघत नाही. आमच्या डोक्यावर वीस फुटांची भिंत, भिंतीमागं डोंगर, आणि त्या डोंगराच्या पोटात चार महिन्यांचं पाणी शिरणार. साहेब वर बघत नाही. बिगारी कागद डकवतो. जागा धोकादायक आहे, खाली करा, नाही केली आणि मेलात तर आम्ही जबाबदार नाही.

पाच मिनिटांत तपासणी संपली. आता पाऊस यायला मोकळा, दरड यायला मोकळी, आणि साहेब सुटायला मोकळा.

मी गोदीत राबतो. पोलादाची कॉईल उचलताना तिच्याखाली उभा राहिलेला माणूस मी बघितलाय आणि नंतर तो माणूस म्हणून ओळखू न येणारा लगदाही बघितलाय. म्हणून धक्क्यावर एक गोष्ट पोरंसोरंही शिकतात. क्रेनवर, शॅकलवर, साखळीवर आकडा कोरलेला असतो. किती टन झेपतं त्याचा आकडा. त्यापुढं एक किलो नाही. वायरचा एक पीळ तुटलेला दिसला तर टिंडल ओरडतो, काम थांबतं. हा नियम कुणाच्या दयेनं आला नाही. आमच्यासारखे किती चिरडले तेव्हा आला.

मग सांगा दोस्तांनो, आमच्या डोक्यावरच्या भिंतीवर आकडा कुठाय? तिला किती माती झेपते, किती पाणी झेपतं, कुणी कोरलंय?

भिंतीचं गणित अवघड नाही. भिंतीची उंची दुप्पट केली तर मागच्या मातीचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि पाऊस दुहेरी मारतो. ओली माती जड होते, वर तिची आपसातली पकड सुटते. म्हणून भिंतीला भोकं ठेवायची असतात, मागं खडी भरायची असते, वरच्या अंगाला गटार काढायचं असतं. पाण्याला वाट द्या, भिंत उभी राहील. वाट बुजवा, भिंत येईल खाली. एवढंच शास्त्र. मॅट्रिक झालेल्या हमालाला कळतं. डिग्रीवाल्याला कळत नसेल असं मी मानत नाही. त्याला कळतं. ते बघायचं काम त्याला कुणी दिलेलं नाही आणि त्यानं मागितलेलं नाही.

सरकारला मातीची धूप कळत नाही असंही म्हणू नका. शेताच्या मातीसाठी मुंबई सरकारनं १९४२ सालीच कायदा केला. बांधबंदिस्ती आली, समतल चर आले, मृद्संधारणाचं खातं आलं. १९७२ च्या दुष्काळात माझा आजा मराठवाड्यात खडी फोडत होता, बांधावर माती टाकत होता. बांध कुणाच्या शेताला? ज्याला शेत होतं त्याच्या. आज्याला वीतभर नव्हतं. दुसऱ्याची माती अडवून तो मुंबईला आला आणि डोंगराच्या उतारावर झोपडी टाकली. पाटलाच्या शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून कायदा, खातं, अधिकारी. माझ्या आज्याच्या नातवंडांवर माती वाहून येऊ नये म्हणून काय? खळीचा डबा!

गावात आमचा वाडा ओढ्याच्या काठी, गावचं पाणी जिथं उतरतं तिथं. शहरात डोंगराच्या कुशीत, शहराची माती जिथं उतरते तिथं. गावकूस गेलं म्हणता? त्याची रिटेनिंग वॉल झालीय. आपण अजून तिच्या पल्याडच.

आता कायदा बघू. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यातलं कलम ३५४ वाचा, हात लावून वाचा. पडायला आलेल्या बांधकामाबद्दल आहे. त्यात इमारत आहे तशी भिंतही आहे. आणि मालकाला काय सांगायचं? पाडा, नाहीतर आधार द्या, नाहीतर दुरुस्त करा. तीन वाटा आहेत. आमच्यापर्यंत पहिलीच येते. आणि नोटीस भिंतीच्या मालकाला का जात नाही? भिंत पडणार, तर भिंतीला बजावा! खाली झोपलेल्याला काय बजावता?

का नाही जात ते २ जुलै २०१९ च्या रात्री मालाडला कळलं. पिंपरीपाड्यावर भिंत आली. महापालिकेच्याच जलाशयाची भिंत. तीसहून जास्त माणसं गेली. ती भिंत झोपडपट्टीनं बांधली नव्हती. आता कोण कुणाला नोटीस देणार? उजवा हात डाव्या हाताला?

त्याआधी १२ जुलै २००० ला घाटकोपरचा डोंगर साठांहून जास्त माणसांवर आला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शहर त्या पाण्याच्या आठवणी अजून सांगतं, पण त्याच दिवशी साकीनाक्याला दरडीखाली गाडलेली वस्ती कुणाच्या आठवणीत आहे? १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरात भिंत पडली, एकोणीस गेले. दरवेळी मंत्री आला, चेक आला, चौकशी बसली. चौकशी बसली ती बसलीच, उठली नाही.

आणि ऑगस्ट २०२० मध्ये मलबार हिलचा डोंगर घसरला. हो, तिथलाही डोंगर डोंगरच आहे, पाऊस त्याला ओळखत नाही. तिथं काय झालं? रस्ता बंद केला, तज्ज्ञ आले, नवी भिंत उभी राहिली, रस्ता पुन्हा चालू झाला. झालं ते बरोबरच झालं, असंच व्हायला पाहिजे. पण तिथल्या माणसांना कुणी विचारलं का, डोंगरावर राहायला कुणी सांगितलं होतं? तिथं मातीला इंजिनिअर मिळाला. आमच्या मातीला मिळतो पंचनामा.

आम्हाला म्हणतात, तुम्ही बेकायदा. च्यायला, आमचं झोपडं बेकायदा, मग गुरुत्वाकर्षण काय कायदेशीर माणसालाच सोडतं? जहाज आम्ही रिकामं करतो, गटारं आम्ही उपसतो, टॉवरचा स्लॅब आम्ही टाकतो. काम कायदेशीर, झोप बेकायदा!

आता कडू बोलतो. गेल्या मे महिन्यात आला तो साहेब आपलाच होता. हळूच मला जयभीम म्हणाला. मी त्याला हात धरून भिंतीपाशी नेलं. बोट घातलं तर आत जाईल एवढी चीर दाखवली. बुजलेली भोकं दाखवली. तो खाली बघत म्हणाला, "भाऊ, मला दिसतंय सगळं. पण माझ्या फॉर्मात मातीचा रकानाच नाही."

मी म्हणालो, "मग समासात लिहा."

त्यानं लिहिलं नाही. त्याला बायको आहे, हप्ता आहे, वर साहेब आहे. मला त्याची कीव आली, रागही आला. बाबासाहेबांनी तुला खुर्ची दिली ती रकाने भरायला दिली काय रे? ज्या वस्तीतून तू पुस्तकं घेऊन निघालास तिच्यावर डोंगर टांगलेला आहे, आणि तू समासात एक ओळ लिहायला भितोस?

आणि आपण तरी काय सोवळे? ओटा वाढवायला डोंगराचा पाय आपणच खरवडतो. भोकात चिंध्या आपणच कोंबतो, घरात पाणी येतं म्हणून. कापलेल्या डोंगरावरचं दहा बाय दहा वस्तीतला दादा विकतो आणि आपण त्याच्याच मांडवात नाचतो. पाकीट खालून वर जातं, माती वरून खाली येते. हे बोलायचं नसेल तर चळवळीचं नाव घेऊ नका.

म्हणून पोरांनो, पाऊस लागायच्या आत येत्या रविवारी भाषण नको. ओळंबा घ्या. नसला तर दोरीला दगड बांधा, तोच ओळंबा. भिंत बाहेर झुकलीय का बघा. चिरेच्या दोन्ही टोकांना रंगाची खूण करा, बाजूला तारीख लिहा, महिन्यानं परत बघा. भोकं मोजा, चिंध्या काढा, वरचं गटार साफ करा. पाऊस सुरू झाला की भोकातून येणारं पाणी बघा. स्वच्छ आलं तर भिंत श्वास घेतेय. गढूळ आलं तर आतली माती निघालीय, मग साहेबाची वाट बघू नका, रात्र असो की पहाट, म्हाताऱ्या आणि लेकरं आधी बाहेर काढा. ही सगळी नोंद अर्जात लिहा, वॉर्डात द्या आणि पोच घ्या. शिक्का मारलेली पोच. उद्या कुणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हतं.

आणि मागणी एकच. फॉर्मात मातीचा रकाना पाहिजे. प्रत्येक उतारावरच्या भिंतीवर पाटी पाहिजे: मालक कोण, बांधली कधी, तपासली कधी, तपासणाऱ्याचं नाव काय. खाली सही. भिंत पडली तर ती सही कोर्टात उभी राहिली पाहिजे. आणि ज्याला हलवायचंच आहे त्याला आधी जवळ पक्कं घर द्या, मग नोटीस डकवा.

माझी माय त्या भिंतीखाली झोपते. मी रातपाळीला असतो. धक्क्यावर पाऊस लागला की माझा हात हुकावर असतो आणि कान डोंगराकडं. एवढंच सांगायचं होतं.

जयभीम.