राखाडी दगडाचा हिशेब

घराच्या सजावटीत हल्ली राखाडी रंगाची चलती आहे. राखाडी वालुकाश्म भिंतीवर बसतो, अंगणात पसरतो. 'कांडला ग्रे' या नावाने तो ब्रिटनमधल्या परसांतही पोचला आहे. नाव गुजरातच्या बंदराचे, दगड राजस्थानचा!

मौज अशी की ब्रिटनला या दगडाची वाण नव्हती. एडिंबरोत १७६७ नंतर वसवलेल्या न्यू टाउनचा बराच भाग शेजारच्या क्रेगलीथ खाणीच्या राखाडी वालुकाश्माचा. त्यात सिलिका भरपूर, म्हणून तो कठीण आणि टिकाऊ. पण तीच सिलिका छिन्नीखाली धूळ होऊन पाथरवटांच्या फुफ्फुसात बसे. ह्यू मिलर हा असाच एक पाथरवट. एडिंबरोजवळ काम करताना छाती बिघडली, म्हणून १८२५ मध्ये तो गावी परतला. पुढे क्रोमार्टीच्या बँकेत हिशेबनीस झाला, भूशास्त्रावरच्या लेखनाने नावारूपाला आला. बँकेत उभी हयात काढून कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला तो जवळचा वाटणारच. पण बँकेची खुर्ची किती पाथरवटांच्या वाट्याला येते?

क्रेगलीथच्या खाणीच्या जागी आज दुकाने आहेत. धूळ मात्र राजस्थानात उडतेच आहे. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. अनेकांना तर क्षय समजून वर्षानुवर्षे भलतीच औषधे दिली गेली. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये धोरण आणले: निदान झाल्यावर ३ लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख. रक्कम मिळते हे चांगलेच. पण आमच्या भाषेत ही बुडीत कर्जाची तरतूद झाली. कर्ज बुडूच नये म्हणून काय केले, हे तपासणारा अधिकारी आधी विचारतो. पाणी मारत दगड कापला, धूळ ओढून घेणारी यंत्रे लावली, तर धोका पुष्कळ कमी होतो. त्याचा खर्च मालकाने करायचा. पण अनेक मजुरांचे नावच हजेरीपटावर नसते. मग मालक कोण, हे सिद्ध कोणी करायचे?

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या कृत्रिम क्वार्ट्झ दगडावर बंदी घातली. तो कापणारे कामगार सिलिकोसिसने आजारी पडत होते. ते त्याच देशातले, गिऱ्हाइकांच्याच शहरांत राहणारे होते, हे मला महत्त्वाचे वाटते. राजस्थानातला खोकला लंडनच्या परसात ऐकू जात नाही. खरे तर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही नाही. दुकानदाराच्या पावतीवर चौरस फुटाचा दर असतो, वाहतूक असते, जीएसटी असतो. खाणीचे नाव मी तरी अजून पाहिलेले नाही.