रंगमंचावरचे अर्धे नाना

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. अर्धशतक उलटून गेले, तरी त्याविषयीचा वाद एकाच खुंटीभोवती फिरतो आहे. एका बाजूस पुरोगामी म्हणविणाऱ्यांचा गोतावळा. त्यांच्या मते हे नाटक म्हणजे सत्तेच्या विकृतीचे कालातीत दर्शन, आणि त्याला हरकत घेणारा प्रत्येक जण अभिव्यक्तीचा शत्रू. दुसऱ्या बाजूस दुखावलेले इतिहासप्रेमी. मराठी राज्याच्या एवढ्या थोर मुत्सद्द्याला लंपट दाखविलेच कसे, हा त्यांचा सवाल. साहित्याचा म्हणून जो प्रश्न होता, तो मात्र दोघांनीही विचारला नाही. या नाटकातले नाना माणूस म्हणून उभे राहतात काय?

‘हे ऐतिहासिक नाटक नव्हे’ असा खुलासा तेंडुलकरांनी केला होता. ठीक आहे. पण मग नाव खरे कशासाठी? ‘नाना फडणवीस’ या सात अक्षरांत जे वजन आहे, ते नाटककाराने कमावलेले नाही. ते त्याला आयते मिळाले. आयते भांडवल घ्यायचे आणि हिशेब मागितला की ‘हे रूपक आहे’ म्हणून हात झटकायचे, हा व्यवहार साहित्यातही सचोटीचा नव्हे. नाटकाची रचना बेजोड आहे, यात वाद नाही. ब्राह्मणांची ती माणसांची भिंत, कीर्तन आणि लावणी यांची सरमिसळ, भास्कर चंदावरकरांचे संगीत यांचे सामर्थ्य विरोधकांनीही मान्य करावे असेच आहे. परंतु त्या भिंतीपुढे नाचणाऱ्या नानांना अंतरंगच नाही. ते हपापतात, डाव टाकतात, सुटतात. त्यांना कधी रात्री झोप लागली नाही, असे प्रेक्षकाला वाटत नाही.

आणि गंमत अशी की, खऱ्या नानांनी स्वतःचे अंतरंग लिहून ठेवले आहे! त्यांचे त्रोटक आत्मचरित्र उपलब्ध आहे. तारुण्यात मन विषयवासनेकडे कसे ओढ घेत होते, याची कबुली त्यात आहे. पानिपतावरून जीव वाचवून पळाल्याची हकीकतही आहे. तेव्हा ते एकोणीस वर्षांचेही नव्हते. त्या पळापळीत आईची कायमची ताटातूट झाली. हाच तरुण पुढे नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंच्या कारस्थानात उभा राहतो, पाळण्यातल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य सांभाळतो, इंग्रजांशी लढून १७८२ चा सालबाईचा तह पाहतो. ज्या मुलासाठी सारा खटाटोप केला, तो ऐन एकविशीत, १७९५ मध्ये, शनिवारवाड्यावरून पडून मरण पावतो. नानांनी विवाह अनेक केले. वंश राहिला नाही. १८०० साली ते गेले आणि पुढच्या अठरा वर्षांत राज्य गेले.

खुद्द घाशीरामाचे प्रकरण घ्या. १७९१ मध्ये कोठडीत डांबलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले, आणि नानांनी आपल्याच विश्वासातल्या कोतवालाला अखेर लोकांच्या हवाली केले. दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. त्या निर्णयाआधी नानांच्या मनात काय चालले असेल? न्यायबुद्धी, भीती, पश्चात्ताप, की शुद्ध राजकारण? नाटककारासाठी याहून मोठा प्रसंग कोणता? तेंडुलकरांनी त्यातला एकच धागा ओढला, कारण निष्कर्ष आधी ठरला होता आणि माणूस मागून शोधला गेला. शेंडी दिसली की ढोंग आणि सोवळे दिसले की क्रौर्य, हे पुरोगामी कथा-कादंबऱ्यांतले ठरीव समीकरण याच टाकसाळीतले.

परंतु आपल्या घरातले कपाटही उघडावे. तिथे काय आहे? जन्मतःच निर्भय असलेले नायक, बौद्धिक दिल्यासारखे बोलणाऱ्या त्यांच्या माता, कधी न डगमगणारे, कधी न चुकणारे संगमरवरी पुतळे. सोळा वर्षांचा स्वयंसेवक असले पुस्तक दहाव्या पानावर मिटतो, यात त्याचा दोष नाही. नानांनी जे स्वतः कबूल केले, तेही झाकणारे चरित्र नानांपेक्षा भित्रे ठरते. व्यासांना अशी धास्ती वाटली नाही. त्यांनी धर्मराजाच्या तोंडी अश्वत्थाम्याविषयीचे अर्धसत्य घातले, त्याला नरक दाखविला आणि दुर्योधनाला स्वर्गात बसविले. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तले राघोबादादा काही निर्दोष नाहीत, पण काका-पुतण्यातली माया आणि वैर एकाच वेळी खरे वाटतात, म्हणून तर १९६२ पासून ती कादंबरी घरोघर वाचली गेली. तिच्यासाठी मोर्चा काढावा लागला नाही.

‘घाशीराम’विरुद्ध निवेदने निघाली, निदर्शने झाली, १९८० च्या युरोप दौऱ्यालाही विरोध झाला. त्यातून नाटकाची कीर्ती तेवढी वाढली. नाटकातल्या नानांना पुसून टाकील असे जिवंत नाना मात्र मराठी वाचकाच्या मनात कोणी उभे केले नाहीत. वाईजवळच्या मेणवलीला नानांचा वाडा आहे, कृष्णेचा सुंदर घाट आहे. सहलीला येणारी मंडळी ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रीकरण नेमके कुठे झाले, ते विचारतात. नानांविषयी विचारणारा एखादाच. त्याला सांगायला नाटकातली गोष्ट तयार आहे. दुसरी लिहायला निषेधपत्रकांतून अजून कोणाला सवड झालेली नाही.