माग पाकिटाचा काढा, शेतकऱ्याचा नको



तंबाखूच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी नवा बंदोबस्त येऊ घातला आहे. प्रत्येक पाकिटावर न निघणारी खूण असायची. त्या खुणेवरून माल कोणत्या कारखान्यात, कोणत्या यंत्रावर, कधी तयार झाला, पहिल्यांदा कोणाला विकला, कोणत्या मार्गाने गेला हे सरकारला समजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २०१२ साली सोल येथे तसा करार झाला. भारत जून २०१८ मध्ये त्यात सामील झाला आणि त्याच सप्टेंबरात करार अमलात आला. सिगारेटसाठी पाच वर्षांची मुदत होती, ती २०२३ मध्ये संपली. विडी-जर्द्याला दहा वर्षे, म्हणजे २०२८ पर्यंत. २०२५ च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात १४८-अ कलम घालून, सरकार जाहीर करील त्या मालावर अशी खूण सक्तीची करण्याची सोयही झाली आहे.

यावर आपले म्हणणे काय? खूण जरूर करा. तंबाखू आरोग्याला घातक आहे, यात वाद नाही. कर बुडवणारा कारखानदार बुडवलेल्या करातला एक पैसाही पानाच्या भावात घालत नाही. त्याची बाजू आपण का घ्यावी? पण माग कारखान्याच्या दारापासून पुढे काढा. मागे वळून आमच्या खळ्यात येऊ नका.

ही भीती उगीच नाही. जुन्या माणसांना विचारा. १९४३ साली इंग्रज सरकारने कच्च्या तंबाखूवर अबकारी कर बसवला. पीक किती आले, कोठे ठेवले, कोणाला विकले, याचा हिशेब एक्साइजच्या इन्स्पेक्टरला द्यावा लागे. स्वातंत्र्य आले तरी ती वही गेली नाही. १९७९ च्या अर्थसंकल्पात चरणसिंगांनी हा कर उठवला आणि तयार मालावर नेला. छत्तीस वर्षे सरकारने पोती मोजली, भाव मात्र कधी बांधून दिला नाही. म्हणूनच दोन वर्षांनी, १९८१ साली, निपाणीच्या शेतकऱ्याला पुणे-बंगलोर रस्त्यावर बसावे लागले. ६ एप्रिलला त्याला भाव नव्हे, पोलिसांची गोळी मिळाली.

शेतीशास्त्राच्या दृष्टीनेही पानाचा माग हा फार्स आहे. तंबाखू हवेतला ओलावा धरते आणि सोडते. दमट हवेत भरलेले पोते कोरड्या दिवसांत हलके भरते. वखारीत दहा गावांचा माल एकत्र मिसळतो. तेथे कोणते पान कोणाचे, हे देवही सांगणार नाही. वजनातली तूट ही पिकाची प्रकृती आहे. नोंदवहीत मात्र ती शेतकऱ्याची चोरी ठरेल.

मोठी चोरी कोठे होते? सिगारेटच्या तस्करीबद्दल युरोपीय समुदायाने फिलिप मॉरिस कंपनीला कोर्टात खेचले होते. २००४ साली तडजोड झाली आणि कंपनीने सव्वाशे कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. पुढे पाकिटांवर संकेतांक घालण्याची पद्धत याच कंपनीने तयार करून सरकारांपुढे ठेवली! तिजोरीवर संशयितालाच राखण बसवण्याचा हा प्रकार. सरकारची जबाबदारी तंबाखू उद्योगाकडे सोपवू नये, असे कराराच्या आठव्या कलमात म्हटले आहे, ते काही उगाच नाही.

त्याच कराराचे सहावे कलम नीट वाचा. तंबाखू पिकवण्यालाही परवाना लावण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात आहे. पारंपरिक लहान शेतकरी मात्र वगळले आहेत. पण लहान कोण, हे ठरवणार कोण? दिल्लीतला साहेब. ही व्याख्या होण्याआधीच आपण बोलले पाहिजे.

आणि नुसत्या खुणेने चोरी थांबत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. तरी पुडी कोठे मिळते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

म्हणून या मेळाव्यात चार मागण्यांचा ठराव करू :

१. खूण व नोंद तयार मालापुरतीच असावी. शेतकऱ्याच्या खळ्यावर, घरावर तपासणी नको.
२. लहान शेतकऱ्याला परवान्यातून दिलेली सूट कायद्यात स्पष्ट लिहावी.
३. यंत्रणेचा खर्च उद्योगाने सोसावा. पानाच्या भावातून कापू नये.
४. नोंदी ठेवायच्याच तर कारखान्याच्या खरेदीचा भावही नोंदवा आणि दर आठवड्याला जाहीर करा.

पाकीट कोठून कोठे गेले हे सरकारला कळणार असेल, तर पान कोणत्या भावाने गेले हे शेतकऱ्यालाही कळलेच पाहिजे.