‘विषाणू आढळला नाही’ म्हणजे आजार संपला नव्हे

एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होऊन काही महिने झाले की रुग्णाला भूक लागते, वजन वाढते, माणूस पुन्हा कामाला जातो. पुढे अहवालात ‘विषाणू आढळला नाही’ असे येते आणि नेमका इथेच घोटाळा होतो. ‘आता बरा झालो, गोळी कशाला?’ असे वाटून औषध सुटते.

हा विषाणू शरीराच्या पहारेकऱ्यांनाच गाठतो. ‘सीडी४’ या पांढऱ्या पेशी इतर संरक्षक पेशींना कामाला लावतात. विषाणू त्यांच्यात शिरून स्वतःचा जनुकीय मजकूर पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण 500 ते 1500 असतात. त्या 200 च्या खाली गेल्या की एरवी किरकोळ ठरणारे जंतूही जिवावर उठतात. क्षयरोग तर त्याआधीही गाठतो.

गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, पण काही सीडी४ पेशी सुप्तावस्थेत असतात. त्यांच्यात दडलेल्या विषाणूपर्यंत ना औषध पोहोचते, ना प्रतिकारशक्ती. गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढू लागतो. औषधाला सुट्टी देण्याचा प्रयोगही झाला आहे. ‘स्मार्ट’ या अभ्यासात पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. सीडी४ चांगल्या असताना औषध थांबवलेल्या गटात गंभीर आजार व मृत्यू अडीच पटींहून अधिक आढळले आणि 2006 मध्ये प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला.

तरीही गोळी सोडणाऱ्याला बेजबाबदार ठरवून मोकळे होणे चुकीचे आहे. कुणाला घरात डबी लपवावी लागते, तर कुणाला दर महिन्याच्या रजेचे कारण साहेबांना सांगता येत नाही. सरकारी एआरटी केंद्रांत 2004 पासून औषध मोफत मिळू लागले. भेदभावाविरुद्ध 2017 चा कायदाही आहे. पण शेजाऱ्याच्या नजरेची भीती कायद्याने जात नाही. म्हणून प्रकृती स्थिर असलेल्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय प्रत्येक केंद्रात नीट राबवली पाहिजे.

आणखी एक गोष्ट घराघरांत पोहोचायला हवी. गोळ्या नियमित चालू असून रक्तात विषाणू सातत्याने आढळत नसेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. रोजची गोळी लपवायची गोष्ट नाही. ती सगळ्या घराचे रक्षण करते.